गवयाचे दूध

हिमायतनगर या गावाचे जुने नाव वाढोणा. आणि रेल्वेच्या फलकावर व तहसिलीच्या शिक्क्यात नवे नाव कितीही ठसठशीत उमटलेले असले, तरी महाशिवरात्रीला परमेश्वराच्या दर्शनासाठी येणारा म्हातारा यात्रेकरू अद्यापही वाढोण्यालाच येतो. ‘हिमायत’ म्हणजे पाठराखण, पाठिंबा, आधार. निजामी अमदानीचा हा शब्द आज गावात कोणी अर्थ ध्यानात धरून उच्चारीत नाही. परंतु ज्या एका शब्दावाचून येथले रेशन, निवृत्तिवेतन, पीकविमा यांपैकी काहीच पुढे सरकत नाही, तो शब्दही ‘आधार’ हाच आहे. वस्तूला दिलेले नाव माणसाच्या हातांना कसे वळण लावते, हा प्रश्न त्यामुळे या गावात मला कधीच केवळ पंडिती वाटला नाही. मार्गशीर्षातल्या एका सायंकाळी स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सेवा केंद्रात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी बाकावर बसलो असता एका मामा-भाच्यांमध्ये जो वाद झाला, तो याच प्रश्नावर होता, आणि मला तो फार मोलाचा वाटला.

भाचा हे केंद्र चालवतो. दारावरच्या पाटीत ‘झेरॉक्स’ हा शब्द सर्वांत मोठा, त्याखाली आधार, सातबारा, पीकविमा, पैसे काढणे अशी बारीक अक्षरांतली वर्णी. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षे अभिलेख कक्षात गेलेली, आणि खासरा, सेतवार, फेसल पत्रक असे निजामी दप्तरातले शब्द ज्यांच्या तोंडी अजून सहज येतात अशा थोड्या माणसांपैकी ते एक.

वादाचे निमित्त झाली सरसमकडची एक म्हातारी. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये काढण्यासाठी ती आली होती, आणि यंत्राच्या काचेखालच्या लाल प्रकाशावर तिचा अंगठा तीनदा ठेवूनही ओळख पटत नव्हती. कापसाच्या वेचणीचे दिवस होते; वाळलेल्या बोंडांची टोके लागून तिच्या बोटांची पेरे भेगाळली होती, आणि अंगठ्यावरच्या रेषा तर पायरीच्या दगडासारख्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. भाच्याने तिला पाणी दिले, हात धुऊन थोडा वेळ बसायला सांगितले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, “आजी, अंगठा म्हणजे तुमची सही. मशिनला ती नीट दिसली पाहिजे ना?”

“हे तू तिला रोज सांगतोस,” मामा म्हणाले, “आणि हे खरे नाही.”

“मग काय सांगू, मामा? काचेखालचा कॅमेरा तुमच्या रेषांचे चित्र घेतो, ते चित्र दूरच्या एका यंत्राकडे जाते, तिथे आधीच्या नोंदीशी त्याची रुजुवात होते, असे सांगू? ती उठून जाईल. सही म्हटले की तिला कळते.”

“तिला कळले असे तुला वाटते. ज्या गोष्टीची तिला भीती वाटायला हवी, ती गोष्ट त्या एका शब्दाखाली तू झाकून टाकतोस. आहे ते आहे तसे सांगावे. यंत्राला यंत्र म्हणावे, नोंदीला नोंद म्हणावे. या खिडक्या, पेट्या, पाकिटे, कुलपे यांची चित्रे दाखवून माणसाला आत ओढायचे आणि आत गेल्यावर यांपैकी एकही वस्तू तिथे नसायची, ही मला दगलबाजी वाटते.”

भाचा हसला नाही, चिडलाही नाही. रोज शंभर माणसांशी बोलून ज्याची वाणी मऊ झालेली असते अशा माणसाप्रमाणे तो सावकाश बोलू लागला. त्याचे म्हणणे असे की, उपमेवाचून कोणीही काही शिकलेले त्याने पाहिले नाही. फोनमध्ये चौसष्ट जीबी जागा मोकळी असूनही तो अडखळतो का, असे विचारीत शेतकरी त्याच्याकडे येतात, आणि ही दोन प्रकारच्या स्मृतींची बाब त्यांना कितीही सांगितली तरी उमगत नसे. एके दिवशी त्याला सुचले आणि तो म्हणाला, ‘घरातली कणगी निराळी आणि शेतातले खळे निराळे. कणगीत कितीही जागा असू द्या, पण मळणी खळ्यावर व्हायची. खळे लहान असेल आणि त्यावर एकदम सोयाबीनही टाकले, तूरही टाकली, तर बैल फिरणार कुठे? फोन बंद केला की खळे झाडून स्वच्छ होते, कणगीतले मात्र कणगीतच राहते.’ तेव्हापासून हा प्रश्न घेऊन कोणी दुसऱ्यांदा आला नाही.

येथे मला स्वतःचे मत नोंदवल्यावाचून राहवत नाही. हे साम्य मी अनेक पुस्तकी स्पष्टीकरणांच्या वर ठेवीन. कारण ते नुसते सुबोध नाही, तर बरोबर आहे. खळ्यावरचा माल कायमचा नसतो, तो उचलून ठेवला नाही तर वाया जातो, आणि वीज गेल्यावर न साठवलेल्या मजकुराचे नेमके तेच होते. उपमा जिथे टेकते तिथे ती भक्कम टेकली आहे.

मामांनाही ते पटलेले दिसले. तथापि वादात एक मुद्दा मान्य करून दुसऱ्या मुद्द्यावर अधिक घट्ट उभे राहणे ही जुन्या कारकुनांची रीत असते. “खळ्याचे ठीक आहे,” ते म्हणाले, “ते तू शेतकऱ्याच्या घरून आणलेस. पण तुझ्या पडद्यावरची चित्रे कोणाच्या घरची आहेत? तिथे फाईल आहे, फोल्डर आहे, कचऱ्याची टोपली आहे. ही माझ्या कचेरीची भाषा आहे, आणि म्हणून तिच्यातले खोटे मला लवकर दिसते. आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद आधी बारनिशीत चढायचा. मग त्याची नस्ती, नस्तीचा गठ्ठा, गठ्ठ्याला फडके. मोडी कागदांच्या अशा गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात अजूनही रुमालच मोजतात. अभिलेखाचे वर्ग ठरलेले : अ वर्ग कायम ठेवायचा, ड वर्ग वर्षभराने नष्ट करायचा. आणि नष्ट करायचा म्हणजे यादी करून, मंजुरी घेऊन, खरोखर नष्ट करायचा. नोंदवहीतले नाव खोडायचे आणि कागद तसाच फडताळात पडू द्यायचा, असे कोणी केले असते तर त्याची विभागीय चौकशी लागली असती. तुझे यंत्र नेमके हेच करते की नाही?”

“करते,” भाचा म्हणाला.

“गेल्या पोळ्याच्या सुमारास एक मुलगी वडिलांचे फोटो पुसले गेले म्हणून रडत आली होती. वडील वारलेले. तू तिच्या मेमरी कार्डातून ते परत काढून दिलेस. मला अभिमान वाटला. पण रात्री झोप लागेना. टोपलीत टाकून, टोपली रिकामी करूनही जर तुला ते काढता आले, तर त्या कार्डाच्या पुढच्या धन्यालाही काढता येतील. किती पोरी आपली जुनी कार्डे, जुने फोन बाजारात विकतात! त्यांना कोणी सांगितले का, की पुसणे म्हणजे नुसते बारनिशीतले नाव खोडणे, आणि कागद फडताळात तसाच राहतो, त्याच जागी दुसरा कागद येऊन बसेपर्यंत?”

भाच्याने यावर जे उत्तर दिले, ते मामांच्या मुद्द्याला थेट नव्हते, परंतु वादाला त्याने खोल नेले. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “मामा, ते झेरॉक्स आहे ना, त्याच कंपनीने ही चित्रे काढली.” आणि हे खरे आहे. छायाप्रतीला ज्या कंपनीच्या नावाने आपण सर्रास ओळखतो, तिच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथल्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात हे प्रयोग झाले, आणि १९८१ साली ‘स्टार’ नावाचे जे यंत्र तिने बाजारात आणले, त्याच्या पडद्यावर मेज होते, मेजावर कागद होते, फोल्डर होते, पत्रांच्या आवक-जावकीचे तबक होते. पुढे १९८३ च्या ‘लिसा’ने आणि १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ने कचऱ्याच्या टोपलीसह तीच चित्रे घराघरांत नेली. ‘स्टार’ हे यंत्र कचेरीत बसणाऱ्या माणसांसाठी होते; त्यांना संगणकाची भीती वाटू नये, आपल्याच मेजावर बसलो आहोत असे वाटावे, म्हणून ही योजना.

“म्हणजे कचेरीवाल्यांनी कचेरीवाल्यांसाठी,” भाचा म्हणाला. “तुमच्या कचेरीत संगणक आला, तेव्हा तो तुम्हांला आठ दिवसांत आला. तुम्ही हुशार आहात म्हणून तो आला, असे इतकी वर्षे मी मानत होतो. पण त्यात तुमचीच मेज-खुर्ची होती, हेही कारण होते. या आजीने जन्मात मेज वापरलेले नाही. तिच्या घरी कागद असतात ते पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली. तुम्हांला त्या चित्रातले खोटे दिसते, कारण खरे तुम्हांला ठाऊक आहे. तिला त्यातले खरेही दिसत नाही आणि खोटेही नाही. तिच्यासाठी ती नुसती नक्षी आहे.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर गाडीसाठी निघालेल्या मंडळींच्या रिक्षा स्थानकाकडे वळत होत्या. मामांना बोलते करावे म्हणून मी शब्दांच्या जुन्या प्रवासाचा विषय काढला, आणि त्यांचा चेहरा उजळला. कारण त्यांचे वडील निजामी काळात उर्दू शाळेत शिकलेले आणि पटवाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केलेले होते. उस्मानिया विद्यापीठात सारे उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले तेव्हा १९१७ साली हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ नावाची भाषांतरसंस्था उभी राहिली आणि पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंत शेकडो शब्द घडवले गेले, ही हकीकत वडील अभिमानाने सांगत, असे ते म्हणाले. ‘दप्तर’ हा शब्दच पाहा : मुळात ग्रीकांचा, अर्थ कातडे, कातड्यावर लिहीत म्हणून लेखाला ते नाव पडले, फारसीतून आपल्याकडे आला तो कचेरी होऊन, आणि आज पोराच्या पाठीवरची पिशवी होऊन बसला आहे. इंग्रजी ‘फाईल’च्या मुळाशी दोरा आहे, कारण कागद दोऱ्यात ओवून ठेवीत, आणि आपल्या ‘ग्रंथा’च्या मुळाशीही गुंफणे, बांधणेच आहे. शब्द असे घर बदलीत जातात, त्यात वाईट काही नाही, हे मामांनी मोकळ्या मनाने मान्य केले. “पण प्रत्येक घरात,” ते म्हणाले, “काही सामान मागच्या घरचे येते आणि काही मागेच राहते. मागे काय राहिले हे सांगणारा कोणी पाहिजे.”

‘क्लाउड’ या शब्दावर दोघांचेही एकमत झाले, आणि ते मला अनपेक्षित होते. मराठवाड्यातल्या माणसाला ढगाची उपमा देऊन त्यात तुझी ठेव सुरक्षित आहे असे सांगणे, यासारखी विपरीत गोष्ट नाही. ढग हा येथे भरवशाचा विषय कधीच नव्हता. २०१५ साली औरंगाबादेहून विमाने उडवून ढगांवर रसायने फवारावी लागली, तरी दुष्काळ हटला नाही. प्रत्यक्षात तो ढग म्हणजे कोण्या दूरच्या शहरातली, वीज आणि गारवा अखंड लागणारी, यंत्रांनी भरलेली इमारत. ‘दुसऱ्याचे कोठार’ म्हटले असते तर शेतकऱ्याने पहिला प्रश्न विचारला असता : किल्ली कोणाकडे?

तेव्हा मी मध्ये बोललो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे जे उदाहरण परंपरेने दिले जाते ते असे, की ज्याने गवय कधी पाहिलेला नाही अशा नगरवासीयाला वनात राहणारा माणूस सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो अरण्यात जातो, गाईसारखे जनावर पाहतो आणि ओळखतो, हाच तो गवय. म्हणजे साम्यावरून कळणे हे आपल्या शास्त्रकारांनी अडाण्यांची सोय मानले नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीला बसणारे ते स्वतंत्र प्रमाण मानले.

“उत्तम,” मामा म्हणाले. “ओळखले इथवर उत्तम. पण पुढे तो माणूस दावे आणि चरवी घेऊन गवयाचे दूध काढायला बसला, तर? वनवासी माणसाने ‘गाईसारखा’ म्हटले होते, ‘गाय’ म्हटले नव्हते. आता आपला रोहीच घ्या. नाव नीलगाय, ती गाय नव्हे. पण नावात गाय आहे म्हणून, उभी तूर खाऊन गेली तरी तिच्यावर हत्यार उचलायला माणसाचा हात धजत नाही. एका उपमेपायी माणूस सबंध रात्र शेतात जागतो. तुझ्या या दुकानातही गवय आहे.”

“कोणता?”

मामांनी गल्ल्याजवळ चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवले. “याला काय म्हणतोस?”

“स्कॅनर.”

स्वतःच्या तोंडून शब्द निघाल्याबरोबर भाचा थांबला. चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत त्या छापील कागदाला सारेजण स्कॅनर म्हणतात. ‘स्कॅनर दाखवा’, ‘स्कॅनर आहे का’. वस्तुतः वाचण्याचे काम तो कागद करीत नाही, ते काम फोन करतो. कागद ही नुसती पाटी आहे, दुकानदाराच्या खात्याचा पत्ता लिहिलेली. पण एकदा कागदालाच स्कॅनर हे कर्तेपणाचे नाव पडले की ‘स्कॅन केले म्हणजे पैसे इकडून तिकडे जातात’ एवढीच समजूत मनात उरते, आणि कोणाकडून कोणाकडे, हा प्रश्नच बुजून जातो.

भाच्याला जे आठवले ते त्याने आम्हांला सांगितले. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने बैलजोडी विकायची म्हणून फोटो टाकला होता. गिऱ्हाईक म्हणून कोणाचा तरी फोन आला : इसार पाठवतो, हा स्कॅनर पाठवला आहे, तो स्कॅन करा आणि पैसे जमा होण्यासाठी पिन टाका. पिनला त्या शेतकऱ्याने किल्ली मानले होते. पेटीत पैसे ठेवायलाही किल्ली लागते आणि काढायलाही लागते, तेव्हा त्याला यात वावगे दिसले नाही. त्याने पिन टाकला, आणि खात्यात होते ते गेले. पैसे घेणाऱ्याला पिन लागत नाही, तो केवळ देणाऱ्यालाच लागतो, हे एक वाक्य त्याला ठाऊक नव्हते. “आणि ‘पिन म्हणजे किल्ली’ हे,” भाचा खाली बघत म्हणाला, “त्याला मीच सांगितले होते.”

त्या क्षणी मामांनी विजयाची खूण यत्किंचितही दाखवली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटला. ते खुर्ची ओढून भाच्याच्या जवळ बसले. “तू वाईट सांगितले नाहीस, अर्धे सांगितलेस,” ते म्हणाले. “पिन ही किल्ली नव्हे, ती सही आहे. सही ही देण्याच्या कागदावर असते. आणि अंगठा, ज्याला तू सही म्हणतोस, तो मात्र सहीहून भयंकर आहे. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते, पिन फुटला तर दुसरा घेता येतो. अंगठा फुटला तर माणूस दुसरा अंगठा कोठून आणणार?”

मग ते १८७५ कडे वळले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणबी मंडळींनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे मागितले आणि जाळले. पुणे-नगर भागात ते लोण पसरले. त्यांचा राग कागदावर होता, कारण अंगठा कशावर उमटवला आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नव्हते. तो इंग्रजी मुलूख होता, आपला नव्हे. पण त्यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यातली एक तरतूद मामांना आपल्या साऱ्या नोकरीत पाहिलेल्या तरतुदींहून शहाणी वाटे : शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. अंगठ्यापाशी एक तिसरा माणूस उभा करण्यात आला. “१८५८ मध्ये बंगालात हर्शेलसाहेबाने कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तो अशासाठी की माणसाला आपला शब्द फिरवता येऊ नये. ठशाची कल्पना त्या बाजूने आली. या बाजूने, म्हणजे ठसा देणाऱ्याच्या बाजूने, पाहणारा माणूस नंतर आला. तुमच्या यंत्राने अंगठा घेतला, तो तिसरा माणूस घेतला नाही.”

“तो तिसरा माणूस म्हणजे मी,” भाचा म्हणाला.

“तूच. दुसरा कोण आहे इथे?”

मला वाटते, वादातले दोघेही आपापल्या जागेवरून येथे हलले. मामा उपमा टाकून द्या म्हणत होते; आता ते भाच्याला अधिक चांगली उपमा शोधून देत होते. आणि उपमा दिली की आपले काम संपले असे मानणारा भाचा, ती कुठे तुटते हे मामांना विचारू लागला होता. त्याने छापयंत्रातला एक कोरा कागद काढला. मामांनी मजकूर सांगायला घेतला, पण पहिल्या वाक्यातच ‘प्रदान’ आणि ‘आदाता’ आल्यावर भाच्याने लेखणी थांबवली. बरीच खाडाखोड झाली. शेवटी मोठ्या अक्षरांत तीन ओळी उतरल्या : ‘हा स्कॅनर नव्हे. ही आमच्या खात्याची पाटी आहे. पैसे घेणाऱ्याला पिन लागत नाही.’ चौकोनाच्या खाली त्याने तो कागद चिकटवला.

म्हातारी एवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती. हात धुऊन पदराला पुसत ती पुन्हा यंत्रापाशी आली. भाच्याने रक्कम दाबली आणि अंगठा मागण्यापूर्वी, मला वाटते त्या दुकानात पहिल्यांदाच, पडद्यावरचे अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचले : “आजी, तुमच्या खात्यातून दीड हजार रुपये काढायचे आहेत. तेवढे वजा होतील. लावू का अंगठा?”

तिने हात मागे घेतला. “राहतील किती?”

“ते पाहायलाही अंगठाच लागतो, आजी.”

“मग हा पहिला पाहण्यापुरता,” ती म्हणाली, आणि अंगठा काचेवर ठेवण्याआधी तिने मामांकडे पाहिले.

मामांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ वाकले आणि वाचू लागले.